घरं दळणारी गिरणी

पत्रकाच्या पहिल्या ओळीत दोषी कोण ते आलंच पाहिजे, असं आमच्या संघटनेत शिकवतात. वाचणारा एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून वाचत असतो, दुसऱ्या ओळीपर्यंत थांबायला त्याला वेळ नसतो. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत मी बरीच पत्रकं लिहिली आहेत. रेशनवर, खड्ड्यांवर, दुधाच्या मापावर. प्रत्येकात दोषी वर, ठळक टायपात, आणि खाली 'जाहीर निषेध'. सुलाकाकींबद्दल लिहायला बसले की मात्र पहिली ओळच अडते. म्हणून ती सोडून देते आणि सरळ त्यांच्या भुवयांपासून सुरू करते.

सुलाकाकींच्या भुवया सकाळी काळ्या असत आणि दुपारपर्यंत पांढऱ्या होत. पापण्याही. खुटबावात आमच्या परसाला लागून त्यांची पिठाची गिरणी. सकाळी शटर वर ढकलणारी बाई चाळिशीची दिसायची, दुपारी डबा हातात देणारी ऐंशीची, आणि संध्याकाळी अंघोळ करून ओट्यावर बसली की पुन्हा चाळिशीची. नवरा दौंडला रेल्वेत होता. तो गेल्यावर त्यांनी गिरणी घातली. भाऊबंद म्हणाले, बाईमाणसानं पट्टा चढवायचा म्हणजे काय? काकी म्हणाल्या, "जात्यावर बायाच बसत होत्या न्हवं? का तवा तुमच्या आज्ज्यानं दळलं?"

त्यांचा आवाज गिरणीच्या आवाजावर चढवलेला. गिरणी बंद झाली तरी तो खाली यायचा नाही. त्यामुळं त्यांची कुठलीही खाजगी गोष्ट आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायची, आणि गावाच्या खाजगी गोष्टी तर त्यांच्या डब्यांतूनच कळायच्या. गहू एकदम वाढला की कुणाकडं पाहुणे आले. ज्वारीत नाचणी मिसळून आली की कुणाची साखर वाढली. आणि एका घरातून दोन डबे आले की त्या घरात काय चाललंय ते सांगायलाच नको.

असे दोन डबे एकदा खरंच आले. दोन जावा, एकाच दारातून, पुढंमागं. एकीनं दुसरीकडं बघितलं नाही. काकींनी दोन्ही डबे घेतले, दोन्हीतला गहू एकाच वेळी वर ओतला आणि दळून दोघींत निम्मा निम्मा केला. त्यातली एक ओरडली.

"काकी, हे काय केलंत? माझा गहू चांगला होता!"

"आता बसा निवडत, कुणाचा चांगला कुणाच्या चपातीत गेला ते. आन् निवडून झालं की या, मग येगळं दळून देते."

त्या जावा एक झाल्या की नाही ते मला माहीत नाही. पण पुढं डबा एकच यायला लागला, एवढं खरं.

काकींचा सगळ्यांत मोठा गर्व त्यांच्या अंगठ्यात होता. पीठ अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळायचं आणि सांगायचं: कुठला दाणा, कितपत वाळलेला, कुठल्या गिरणीवर दळलेला. पाहुण्याच्या घरी जेवायला गेल्या तरी परातीतली चिमूट उचलून चोळायच्या. "भांडगावचं दळण. दगडाला टाकी लावून घे म्हणावं त्याला, भरडा काढतोय." यजमानीण ओशाळायची. काकींना त्याचं काही नसायचं. मला त्या पुढारीण म्हणायच्या. मी तावातावानं कशावर तरी बोलत असले की डब्याचं झाकण माझ्यासमोर आपटून म्हणायच्या, "ए पुढारीण, आधी पाखड, मग बोल." मी म्हणायचे, काकी, पाखडत बसलं तर अन्याय करणारा निघून जातो. त्यावर त्या हसायच्या. हसल्या की भुवयांवरचं पीठ खाली सांडायचं.

त्यांची मुलगी कविता माझ्याबरोबर शाळेत होती. बारावीनंतर पाबळला राहून यंत्रकाम शिकली. तिथनं परत आली ती हातात स्क्रूड्रायव्हर घेऊनच. तिनं ठरवलं, नोकरीला जायचं नाही, घरी बसून काम करायचं. काम असं: आपल्याकडं आता जमीन विकली, ऊस चांगला गेला, की माणूस आधी बंगला बांधतो. आणि बांधायच्या आधी त्याला तो मोबाईलवर बघायचा असतो, रंगासकट, खांबासकट, दारात उभ्या केलेल्या गाडीसकट. त्या चित्राला एलिव्हेशन म्हणतात. कविता ती चित्रं करायची. दौंडच्या एका कॉन्ट्रॅक्टरनं तिला काम द्यायला सुरुवात केली होती. या कामाला साधा कॉम्प्युटर पुरत नाही, भक्कम ग्राफिक्स कार्ड लागतं. म्हणून तिनं सगळे भाग शिरूरच्या दुकानातून सुटे आणले आणि घरी स्वतः जोडले. गिरणीच्या मागच्या खोलीत गोधडी अंथरून तिनं ते मांडले, तेव्हा काकी उंबऱ्यावर तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. आत श्वाससुद्धा जाऊ नये म्हणून. यंत्र सुरू झालं, पडद्यावर पहिलं घर गोल फिरलं, तेव्हा काकींनी नारळ फोडला. तोही बाहेर, अंगणात. पाणी उडायला नको.

त्यानंतर येईल त्याला त्या खोली दाखवायच्या, दारातूनच. "ही आमच्या कविताची गिरणी. माझी दाणं दळती, ही घरं दळती."

आणि घरांवर मत द्यायच्या. एकदा कॉन्ट्रॅक्टर स्वतः आला होता. पडद्यावर कुणा बागायतदाराचा बंगला होता, पुढं चार जाडजूड खांब, वर सिंह. काकी दारातून म्हणाल्या, "चार खांब हायत, आन् चप्पल काढायला जागा न्हाई? पाव्हणं काय खांबावर चपला टांगणार?" कॉन्ट्रॅक्टर हसला. कवितानं तिथल्या तिथं एक खांब काढून कट्टा घातला. बागायतदाराला तो कट्टाच सगळ्यांत आवडला, असं नंतर कळलं. काकी आठवडाभर सांगत होत्या.

त्या खोलीचे नियम कडक होते. आत पिठाचं माणूस जायचं नाही. दाराला जाड प्लॅस्टिकचा पडदा, फटीला ओलं फडकं. कविताच्या यंत्राला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आईनं तर नाहीच. गिरणीच्या घरात कॉम्प्युटर चालवायचा तर एवढं लागणारच. खोली इतकी स्वच्छ असायची की धूळ हे कारण पहिल्यापासूनच कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी हे मुद्दाम लिहिते आहे. पुढं जे झालं त्यात आम्ही मूर्ख नव्हतो, हे मला सांगायचं आहे. अजूनही सांगायचं आहे, यावरूनच काय ते समजा.

पहिलं कार्ड आषाढी एकादशीनंतर गेलं. पडद्यावर हिरवे-गुलाबी पट्टे आले, आतला पंखा ट्रॅक्टरसारखा ओरडला आणि सगळं काळं. कवितानं कार्ड काढलं, सोनेरी दात खोडरबरनं पुसले, परत बसवलं. नाही. रॅम बदलून पाहिली. सॉफ्टवेअर पुसून नव्यानं टाकलं. कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात घालून पाहिलं, तिथंही मेलेलंच. दुकानदारानं काही न विचारता बदलून दिलं. नवी वस्तू आहे, जाते एखादी, म्हणाला.

दुसरं नवरात्रात गेलं. यावेळी कवितानं यंत्रातला वीजपुरवठ्याचा डबा बदलला, स्टॅबिलायझर बसवला, अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून नवीन अर्थिंग केलं. मीही हातात पहार घेतली होती. काकी कोळशाची पाटी घेऊन उभ्या. खड्डा बुजवताना कविता म्हणाली, आणि ती हे भांडून म्हणाली नाही, अगदी थकून म्हणाली, "आई, कॉन्ट्रॅक्टरचं काम दोनदा अडलं. तिसऱ्यांदा अडलं तर तो पुण्यात देईल. मग मीपण पुण्यात नोकरी धरते. इथं नाही जमत."

काकींनी पाटी खाली ठेवली. "जमंल. कसं जमत न्हाई बघते."

काकींना आयुष्यात काय हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं. कविताचं लग्न नको होतं, पैसा नको होता. त्यांना भिंतीपलीकडं तिची गिरणी चालू हवी होती. दोन गिरण्या, एक घर.

त्या संध्याकाळी त्यांनी मीठ-मोहरीनं यंत्राची दृष्ट काढली, दारातूनच. मी तोंड उघडणार तोच म्हणाल्या, "तू गप. तू बी कागदानं दिष्टच काढतीस की."

गावात चेष्टा सुरू झाली होती. कविताचे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पारावर म्हणाले, "पोरीचं कार्ड लई धार्मिक हाय. एकादशी आली की उपास धरतं." सगळे हसले. मी हसले नाही. मला त्यात पुरावा दिसला. सणावाराला गावात विजेचा भार वाढतो, कृषिपंप एकदम सुरू होतात, दाब वरखाली होतो: दोषी वीजवाले. मी पत्रक काढलं. वायरमन आला, तारेला मीटर लावून दिवसभर बसला, काकींच्या घरचा चहा पिऊन आकडे दाखवून गेला. दाब ठीक होता. मग दोषी कोण? उरला दुकानदार.

तिसरं कार्ड महाशिवरात्रीनंतर गेलं.

कविता भिंतीला टेकून बसली होती. यंत्राचं झाकण उघडं होतं आणि आत सगळं चकचकीत, नवं असल्यासारखं. "बघ ना," ती म्हणाली, "कणभर धूळ नाही. मी करू तरी काय?" कार्ड स्वतः खोलायची सोय नव्हती. स्क्रूवर दुकानाचं सील असतं, ते फाटलं की हमी गेली. दुकानदारानं फोनवर सांगितलं, घेऊन या, यावेळी मी स्वतः खोलून बघणार, मगच बदलून देणार.

'खोलून बघणार' हे शब्द मी ऐकले आणि पेटले. म्हणजे आता खापर मुलीवर फोडणार! खेड्यातली मुलगी, हिला काय कळतं, हिनंच बिघडवलं असणार! जुनी वापरलेली कार्डं नव्या खोक्यात घालून विकायची आणि वर चौकशी? मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत दुकानदार. त्यात 'फसवणूक' हा शब्द होता, 'लुबाडणूक' होता. कविता म्हणाली, "रेखे, आधी खोलू दे की त्याला." मी म्हटलं, तू भिडस्त आहेस, म्हणूनच तुला फसवतात.

काकींना मी पुढं घातलं. विचार करूनच घातलं, असं मोर्चात करतात: पुढं पीडित, आणि पीडित बाई असेल तर उत्तम. काकी नवं लुगडं नेसून आल्या. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जीपनं गेलो. संघटनेची पोरं आधीच स्टँडवर पत्रकं वाटत होती. रस्ताभर काकी तालीम करत होत्या. "मी त्याला म्हणणार, माझ्या लेकीचं घर दळायचं यंत्र तुझ्या कार्डापायी बंद पडलंय, मला ती पुण्याला जायला नगं. बरोबर हाय का गं पुढारीण?"

"बरोबर, काकी. आवाज मोठा ठेवा."

"आवाजाची नगं तू काळजी करू."

दुकानदार संदीपशेठ, पस्तिशीचा, बारीक माणूस. आमच्या घोषणा शांतपणे ऐकल्या. माझं पत्रक हातात घेतलं, पूर्ण वाचलं. मग म्हणाला, "ताई, खोलतो. सगळ्यांनी बघा." त्यानं काउंटरवर दिवा ओढला, सील फाडलं, पंखे बाजूला केले. आत ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या असतात, फणीसारख्या. हवा त्यातनं जाते आणि कार्ड गार राहतं. त्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यामध्ये फिकट पिवळसर थर भरलेला, वर मऊ, आत भाजून कडक झालेला.

"हे काय आहे?" संदीपशेठ म्हणाला. "धूळ अशी नसते." त्यानं आजूबाजूला काही सापडेना म्हणून माझं पत्रक उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर कार्ड टकटक आपटलं. थोडी भुकटी पडली. तो ती दिव्याखाली बघायला लागला.

कुणीही काही बोलायच्या आत काकींचा हात पुढं गेला. सवयीनं. चिमूट उचलली, अंगठ्यानं चोळली.

"राजगिरा," त्या म्हणाल्या, चढ्या आवाजात, भर दुकानात. "बारीक दळलाय. माझ्याच गिरणीचा. येवढा बारीक दुसरीकडं निघतच न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर गर्व होता. तो किती वेळ राहिला मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडं बघत होते, त्यामुळं तो उतरताना मी पाहिला.

"आई," कविता म्हणाली, "राजगिरा आत कसा गेला?"

काकींनी अंगठा लुगड्याला पुसला. नंतर त्यांनी जे सांगितलं ते पहिल्यांदाच हळू आवाजात. आम्हाला पुढं वाकून ऐकावं लागलं.

उपवासाच्या आदल्या दिवशी गिरणी धुतात. भगर, राजगिरा, शिंगाडा यांत कालचं धान्य मिसळलं तर उपवास मोडतो. म्हणून काकी दगड काढून, ब्लोअरनं, म्हणजे हवा मारायच्या यंत्रानं, कोपरान् कोपरा उडवून गिरणी सोवळी करायच्या, आणि मग दिवसभर फक्त उपवासाचं दळण. त्या दिवशी आवाज आणि धुरळा फार म्हणून कविता मुद्दाम साइटवर निघून जायची. इतर दिवशी काकी यंत्राच्या जवळ जात नव्हत्या, त्यांच्या हाताला, ब्लोअरला पीठ असायचं. पण त्या दिवशी गिरणी सोवळी, ब्लोअर सोवळा. लेकीच्या यंत्राला हात लावायला योग्य असा तो एकच दिवस. दळण संपलं की त्या ब्लोअर मागच्या खोलीत न्यायच्या, यंत्राचं झाकण काढायच्या आणि आतून बाहेरून सगळं लख्ख उडवायच्या. गिरणीच्या हवेत तेव्हा राजगिरा तरंगत असायचा. ब्लोअरच्या पोटातही तोच. झाकण बसवून, बाहेरनं फडक्यानं पुसून त्या निघून यायच्या.

"आषाढीला नुसतं वरवर उडवलं हुतं," त्या म्हणाल्या. "पयलं गेल्यावर वाटलं, कमी पडलं. मग नवरात्रात नीट केलं. शिवरातीला तर लई येळ धरला. पंख्यात नळी घालून." मग कविताकडं न बघता, "लई जोरात फिरत हुता गं पंखा. मला वाटलं, खूश झाला."

बाहेर आमच्या पोरांपैकी एकजण, आत काय झालं ते माहीत नसल्यामुळं, घोषणा देतच होता.

परतीच्या जीपमध्ये काकी न्हावऱ्यापर्यंत अंगठा लुगड्याला पुसत होत्या. मग एकदम विचारलं, "तिन्ही?"

"काय तिन्ही, आई?"

"तिन्ही कार्डं मीच मारली व्हय?"

"तुला माहीत नव्हतं ना."

"म्हाईत नव्हतं म्हणून सांडल्यालं पीठ परत डब्यात येतं व्हय?"

मला कुठंतरी दोषी सापडायलाच हवा होता. मी म्हटलं, "काकी, खरं तर दोष ब्लोअरचा आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग काढ ब्लोअरवर पत्रक."

दुकानदारानं ते कार्ड दुरुस्त करायला ठेवून घेतलं, स्वतःचं जुनं एक कविताला चालवायला दिलं आणि म्हणाला, माझ्या दुकानावरची खोली रिकामीच आहे, तिथं काम कर, गिरणीच्या घरात पुन्हा काहीतरी होईल. कविता विचार करते म्हणाली. दोन दिवसांनी मी शिरूरच्या स्टँडवर भेळ घेतली, ती माझ्याच पत्रकात बांधून मिळाली. 'लुबाडणूक' वर चिंचेचं पाणी. पत्रक मागं घेतल्याचं पत्रक आमच्या संघटनेनं आजवर काढलेलं नाही. बैठकीत मी विषय काढला, तर म्हणाले, लोकं विसरली असतील, कशाला उकरायचं. मी पुन्हा विषय काढला नाही.

काकींनी कविताची माफी मागितली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्याऐवजी त्यांनी हात धुवायला सुरुवात केली. चहा द्यायचा तर आधी हात कोपरापर्यंत. चहा खोलीत न नेता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून चमच्यानं कपावर टिचकी मारायच्या आणि मागं सरकायच्या. कविता म्हणायची, "आई, आत ये गं, काही होत नाही. फक्त ब्लोअर नको मारू." काकी यायच्या नाहीत. पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी माझ्या आईनं मला राजगिरा घेऊन पाठवलं, तर गिरणीसमोर बाया डबे घेऊन उभ्या आणि काकी शटरला पाठ लावून.

"उपासाचं दळण बंद."

"अगं सुला, आता आयत्या वेळी? उद्या एकादस हाय!"

"भांडगावला जा."

"तूच म्हणतीस ना त्यो भरडा काढतो?"

"भरडा बरा," काकी म्हणाल्या.

कविता हे आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि सगळ्या बायांसमोर म्हणाली, "आई, माझ्यासाठी गिरणी बंद नको करूस. मला त्याचं ओझं होतं." हे ती चुकीचं बोलली असं मला वाटत नाही. पण काकींनी ऐकलं ते एवढंच, की लेकीला ओझं होतं. पुढच्या आठवड्यात कवितानं शिरूरची खोली घेतली. राहायला तिथंच, रविवारी घरी. पुण्यापेक्षा जवळ, असं सगळे म्हणाले. यंत्राचं खोकं गोधडीत गुंडाळून टेम्पोत चढवलं तेव्हा काकी तिथं नव्हत्या. त्या तेवढा वेळ विहिरीवर गेल्या होत्या.

मग एकदा काकी मला शिरूरमध्ये दिसल्या, तहसीलवरच्या धरण्याला चालले होते तेव्हा. दुकानाच्या जिन्याखाली त्या उभ्या होत्या. अंघोळ करून आलेल्या, केस अजून ओले, धुतलेलं हिरवं लुगडं, हातात जेवणाचा डबा. भुवया काळ्याभोर.

"काकी! कधी आलात? कविता वर आहे की."

"ठावं हाय. एवढं देतीस तिला?"

"तुम्हीच द्या. चला, मी पण येते."

"नगं. तूच दे." डबा माझ्या हातात देऊन त्या एक पायरी मागं सरकल्या. "चालतंय न्हवं?"

"काय, काकी?"

"तिची गिरणी."

"चालतीय. तेव्हापासून एकदाही बंद पडली नाही."

"एकादशीला बी?"

"एकादशीलाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला ओळखता आलं नाही. नंतर म्हणाल्या, "मग मी वर येत न्हाई. माझ्या अंगाला पीठ हाय." आणि स्टँडकडं वळल्या.

मी वर गेले. कविता कानाला हेडफोन लावून बसली होती, पडद्यावर कुणाचा तरी बंगला फिरत होता. डबा बघितल्यावर तिनं हेडफोन काढला.

"आई आली होती? मग वर का नाही आली?"

ती उठून गॅलरीत गेली, मीही मागोमाग. खाली काकी रस्ता ओलांडत होत्या. दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या, पदर पुढं धरून झटकायच्या, पुन्हा दोन पावलं. एक रिक्षावाला त्यांच्यावर ओरडला. त्या बाजूला झाल्या आणि परत झटकायला लागल्या. कवितानं वरून हाक मारली, स्टँडवरच्या आवाजात ती पोचली नाही. ऊन चांगलं होतं, अगदी समोरून पडलेलं. पदरातून काहीच उडत नव्हतं.